फॉरमॅट मारू का?

पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा. आत एकही फाइल नाही. पुतणीच्या लग्नाचा व्हिडिओ सहा जीबीचा. तरी मावत नाही. संगणकाने तसं लेखी कळवलं : ज्या फाइल सिस्टिममध्ये ही फाइल ठेवायची आहे, तिच्या मानाने फाइल फार मोठी आहे.

“रिकामा आहे म्हणालात ना?” सौ.ने विचारलं.

“रिकामाच आहे.”

“मग मावत का नाही?”

काही खरी उत्तरं नवऱ्याच्या तोंडी गेली की खोटी वाटतात. हे त्यातलंच. हा पेन ड्राइव्ह कारखान्यातून फॅट३२ होऊन आलेला. फॅट३२मध्ये फाइलचा आकार नोंदवायला बत्तीस बिटांचा रकाना असतो, आणि त्या रकान्यात बसणारा सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे पंच्याण्णव बाइट. चार जीबीला बरोबर एक बाइट कमी. बारीकसारीक फाइलींनी ड्राइव्ह काठोकाठ भरा, कुणाची हरकत नाही. पण एकच फाइल या आकड्याच्या एक बाइट पुढे गेली की तिला दारातूनच परत.

हे सगळं मी आकड्यांसकट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे घर मोठं आहे, पण मन लहान आहे.”

“तसं म्हण हवं तर.”

“आणि ६४ लिहिलंय, ते तरी खरं आहे का?”

तेही नाही. विंडोज त्या ड्राइव्हवर ५९.६ जीबीच दाखवतं. बनवणारा हजारा-हजाराने मोजतो, विंडोज एक हजार चोवीसने मोजतं, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. मधले चार-साडेचार जीबी कुणी खाल्लेले नाहीत, ते नव्हतेच. “घरखर्चाचा हिशेब मी असा दिला असता तर?” असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

व्हिडिओवाल्याला फोन केला. तो अनुभवी निघाला. “काका, एडिट केलेला मावत नसेल तर मूळ शूटिंग देतो. ते नक्की मावतंय.” त्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. त्याच्या कॅमेऱ्यात ३२ जीबीचं कार्ड, आणि ३२ जीबीची कार्डं फॅट३२ असतात. त्यामुळे चार जीबी होत आले की कॅमेरा आपणहून एक फाइल बंद करतो आणि दुसरी उघडतो. यात मुहूर्त बघायची सोय नाही. संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसलो. अंतरपाट धरलाय, भटजींचा आवाज टिपेला पोचलाय, ‘शुभमंगल’ झालं, आणि पहिली फाइल संपली. टीव्ही परत यादीवर. रिमोट उशीखाली. तो सापडून, बाण दोनदा चुकीचा दाबून, दुसरी फाइल सुरू होऊन ‘सावधान’ येईपर्यंत जो वेळ गेला त्यात मेव्हण्यांनी एक मुद्दा मांडला. “एवढा वेळ मला मिळाला असता ना दाजी, तर मी विचार बदलला असता.” त्यांची बायको शेजारीच बसली होती. पुढचा सगळा कार्यक्रम दोन फाइलींत गेला.

मग राहिला उपाय एकच, आणि तो आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. फॉरमॅट मारायचा. मोबाइल रेंगाळतोय? फॉरमॅट मार. प्रिंटर ऐकत नाही? लॅपटॉपला फॉरमॅट मार. डॉक्टरांनी साखर, मीठ, तेल आणि राग एवढं सगळं वर्ज्य सांगितलं तेव्हा याच मेव्हण्यांनी दवाखान्याच्या पायरीवर निदान केलं होतं, “आता फॉरमॅटच मारायला लागणार.” झेरॉक्सच्या दुकानात तर हा मंत्र दिवसभर चालू असतो. तिथे पेन ड्राइव्ह लावला की आतले फोल्डर नाहीसे होऊन त्यांचे नुसते शॉर्टकट उरतात, हा अनुभव घेतला नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात नसेल. दुकानदार मान वर न करता म्हणतो, “व्हायरस आहे. फॉरमॅट मारू का?” व्हायरस आत शिरतानाही त्याचंच मशीन होतं, हे विचारायची छाती होत नाही, कारण आपल्या प्रिंट अजून त्याच्या हातात असतात.

पण मारायचा म्हणजे नुसता मारायचा नसतो. ड्राइव्हच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ म्हटलं की एक उभी, चिंचोळी खिडकी उघडते आणि आपली तोंडी परीक्षा घेते. फाइल सिस्टिम कोणती? अलोकेशन युनिट साइझ किती? व्हॉल्यूम लेबल काय? क्विक फॉरमॅट हवा का? ड्राइव्ह विकत घेताना दुकानदाराने यातलं काहीही विचारलेलं नसतं. त्याने फक्त ‘काळा देऊ की लाल?’ एवढंच विचारलेलं असतं, आणि त्याचं उत्तरही आपण घरी फोन करून दिलेलं असतं.

या खिडकीची जन्मकथा मला फार आवडते. मायक्रोसॉफ्टमधले डेव्ह प्लमर यांनी ती १९९४च्या अखेरीस, एका पावसाळी गुरुवारी सकाळी लिहिली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. विंडोज ९५चं रूप विंडोज एनटीवर आणायचं काम चालू होतं, फॉरमॅटसाठी काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी कागदावर सगळे पर्याय लिहून काढले आणि खिडकीत एकाखाली एक मांडून टाकले. देखणी खिडकी नंतर येणारच होती. ती अजून यायची आहे. फॅटला ३२ जीबीपेक्षा जास्त द्यायचं नाही, हेही तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं. परिणाम असा, की कारखाना ६४ जीबीचा ड्राइव्ह बिनदिक्कत फॅट३२ करून पाठवतो, आणि आपण तोच ड्राइव्ह पुन्हा फॅट३२ करायला गेलो की खिडकी तो पर्यायच दाखवत नाही. २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११च्या चाचणी आवृत्तीत ही मर्यादा दोन टीबीपर्यंत नेली, पण तीसुद्धा काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणाऱ्यांसाठी. एका माणसाने सकाळी घाईत घेतलेला निर्णय तीस वर्षं अख्ख्या जगाने पाळला, हे ऐकून सौ.च्या चेहऱ्यावर मत्सर स्पष्ट दिसला. तिच्या घरात तिचा निर्णय दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, असं ती म्हणते. माझा तर सकाळीच मोडतो, पण ते असो.

अलोकेशन युनिटचा रकाना आधीच भरलेला असतो, तो तसाच ठेवावा असा सर्वत्र सल्ला आहे. म्हणूनच त्याला हात लावावासा वाटतो. मोठा ड्राइव्ह एक्सफॅट केला की विंडोज आपणहून त्याचे १२८ किलोबाइटचे तुकडे पाडतं. त्यात तुम्ही ‘दूध आणणे’ एवढी एका ओळीची चिठ्ठी ठेवली तरी ती अख्खा तुकडा अडवते. एसटीत तिघांच्या बाकावर रुमाल टाकून खिडकीबाहेर बघत बसलेला उतारू आणि ही चिठ्ठी यांत काडीचा फरक नाही. दुसरी फाइल कितीही अवघडलेली असो, ‘जरा सरकता का?’ म्हणायची सोय नाही. तुकडे बारीक केले तर जागा वाचते, पण नोंदी वाढतात. म्हणजे शेवटी जो आकडा आधी होता तोच बरा म्हणून आपण तिथेच येऊन थांबतो. मध्ये अर्धा तास मात्र छान जातो.

लेबलचा रकाना आमच्या घरात सगळ्यांत जास्त गाजला. जुना ८ जीबीचा एक ड्राइव्ह सौ.ने स्वतःच्या पाककृतींसाठी मागून घेतला. त्याचं नाव ‘हात लावू नये’ असंच ठेवायचं, असा तिचा आग्रह. फॅट३२मध्ये नावाला अकरा अक्षरं मिळतात. रोमन लिपीत, मधल्या जागा गाळून, ‘हात’ला दोन ए धरले तर ही बारा होतात. शेवटचा ई गळाला. शिवाय फॅट३२ नाव मोठ्या अक्षरांतच लिहितं. तेव्हापासून तो ड्राइव्ह कुठल्याही संगणकाला लावला की पडद्यावरून गावाकडच्या बोलीत, वरच्या पट्टीत ओरडतो : हातलावूनय! मुलगी म्हणाली, “आई, एक ए कमी करून बसेल.” आई म्हणाली, “राहू दे. असंच जास्त ऐकतात.”

फाइल सिस्टिम कोणती, हा पहिला आणि मुख्य प्रश्न मात्र मी घरातल्या जाणकारांवर सोडला. माणसाने असं कधी करू नये असं नाही, फक्त त्या दिवशी स्वयंपाक बाहेरून मागवावा.

भाचा संगणकातला. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, आणि ते आहे हे तो कुणी न विचारता सांगतो. “मामा, ईएक्सटी४ कर. बाकी सगळं जुनाट.” त्याने काळा पडदा उघडून काहीतरी बडवलं आणि ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. आत ‘लॉस्ट+फाउंड’ नावाचा एक फोल्डर.

“काय हरवलंय?” सौ.ने दचकून विचारलं.

“अजून काही नाही मामी. पुढे काही हरवलं तर तिथे सापडेल.”

एवढी दूरदृष्टी पाहून मला भरून आलं. मग मी त्याच्याच लॅपटॉपवर त्यात एक फोटो टाकायला गेलो, तर परवानगी नाही. ड्राइव्ह माझा, पैसे माझे, फोटोतही मीच. पण मालक म्हणून ‘रूट’ नावाच्या कुणा गृहस्थाची नोंद. भाच्याने पुन्हा काळा पडदा उघडून त्यांच्याकडून माझ्या नावावर हस्तांतर करून घेतलं. तो ड्राइव्ह ऑफिसात विंडोजला लावला, तर त्याने आदबीने विचारलं, ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल. करायचा का?’ जे आपल्याला वाचता येत नाही ते कोरंच असणार, असा विंडोजचा ठाम समज आहे. आमच्या ऑफिसातले दोन साहेबही माझ्या अहवालांकडे याच नजरेने बघत, म्हणून मला राग आला नाही.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी एनटीएफएसवाले. एनटीएफएस १९९३ सालापासूनची, विंडोज एनटीबरोबर आलेली. “जर्नल आहे, परमिशन आहेत, सिक्युरिटी आहे,” ते बोटं मोडत म्हणाले. पुतणीच्या लग्नातली पंगत बघायला एवढा बंदोबस्त कशाला, असं मी म्हणणार होतो. पण त्यांच्या खुर्चीच्या पाठीला लावलेल्या टॉवेललाही त्यांच्या नावाची पट्टी आहे हे लक्षात आलं आणि गप्प बसलो.

एनटीएफएस करून घरी आणला तर मुलीच्या मॅकने तो उघडला, सगळे फोटो दाखवले, पण त्यात काही ठेवू देईना. मॅकला एनटीएफएस वाचता येतं, लिहायची सोय त्यात मुळातून नाही. “बाबा, ॲपलची स्वतःची एपीएफएस आहे ना, २०१७पासूनची. ती करू या.”

“मग ते विंडोजवर दिसेल?”

“विंडोजवर कशाला बघायचंय?”

या पिढीचा हा आत्मविश्वास कुठून येतो कळत नाही. लाखाच्या घरातलं ते यंत्र. पण त्याच्या डिस्क युटिलिटीत फॅटचं नाव आजही ‘एमएस-डॉस’ लावूनच लिहिलेलं असतं. ते मी तिला दाखवलं तेव्हा तिने पडदा मिटला.

रात्री उशिरा तह झाला. एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये आणली, चार जीबीची अट व्यवहारात उरली नाही, मॅक वाचतो, लिहितो. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा आराखडा खुला केला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत गेली, त्यामुळे भाच्यानेही नाक मुरडत सही केली. लग्नाचा सहा जीबीचा व्हिडिओ एका झटक्यात आत गेला. सगळे खूश. चार दिवस तो ड्राइव्ह टेबलावर ऐटीत पडून होता. मग सोसायटीचा गणपती आला.

आमच्या सोसायटीकडे एक ट्रॉली स्पीकर आहे. त्याला दोन चाकं, एक माइक, रंगीत दिवे आणि पेन ड्राइव्हची खाच आहे. एक्सफॅट लावला तर तो दिवे लावतो, पण गात नाही. त्याला फॅट३२ लागतं. फॅटचं मूळ १९७७चं. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी ते बेसिक भाषेच्या एका आवृत्तीसाठी तयार केलं. आपल्याकडे त्या वर्षी जनता पक्षाचं सरकार आलं. ते पडलं, पुढची कितीतरी आली आणि पडली, फॅट मात्र प्रत्येक स्पीकरमध्ये, प्रत्येक गाडीच्या टेपमध्ये बहुमतात आहे. त्यात एक तक्ता असतो, कुठल्या फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे याचा. तो हरवू नये म्हणून त्याची दुसरी प्रतही शेजारीच ठेवलेली असते; म्हणजे पूर आला तर दोन्ही भिजतील.

तर सेक्रेटरींनी गेल्या वर्षीचा मंडळाचा ड्राइव्ह काढला, मिरवणुकीचं एक गाणं त्यांना ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ म्हणून पुसायला लावलं, आणि राहून गेलेली मंत्रपुष्पांजली मुलीला तिच्या मॅकवरून टाकायला सांगितली. तिने टाकली. नावाआधी नऊ हा आकडाही घातला, म्हणजे ती शेवटी वाजेल. आता गंमत अशी आहे, की असल्या स्वस्त स्पीकरला आकडे वाचायची बुद्धी नसते. यादीत फाइली ज्या क्रमाने बसल्या असतील त्या क्रमाने तो वाजवतो. आणि फॅटमध्ये फाइल पुसली की यादीतली तिची जागा मोकळी होते, नवी येणारी तिथे बसू शकते. पुसलेलं गाणं यादीत पहिलं होतं.

संध्याकाळी सगळे जमले. ताटं, निरांजनं, टाळ, पहिल्या रांगेत नवे कुर्ते. सेक्रेटरींनी बटण दाबलं आणि धीरगंभीर आवाजात मंत्रपुष्पांजली सुरू झाली. क्षणभर चलबिचल झाली. पण तिचे सूर कानावर पडले की मराठी माणसाचा उजवा हात आपोआप पुढे येतो, त्यात कुणीतरी फुलं-अक्षता ठेवतं आणि मान खाली जाते. ती संपली तशी फुलं वाहिली गेली, ‘मोरया’ झाला, आणि पोरांनी प्रसादाच्या टेबलाकडे धाव घेतली. दोन मोदक होत आले असतील, तरी स्पीकर मुकाच होता. मॅक फॅटवर फाइल ठेवताना बऱ्याचदा तिच्या जोडीला टिंब आणि रेघेने सुरू होणारी एक छोटी फाइल ठेवतो. माणसाला ती दिसत नाही. स्पीकरला मात्र ती गाणं वाटते आणि तो मनापासून वाजवू बघतो. ऐन गर्दीत पसरलेली ती शांतता इतकी भारदस्त होती, की पहिल्या मजल्यावरच्या आजींनी डोळे मिटून हात जोडले आणि शेजारणीला हळूच विचारलं, “कोण गेलं गं?”

मग स्पीकर भानावर आला आणि गणपतीची आरती सुरू झाली.

सेक्रेटरींनी माइक घेतला. “ज्यांनी प्रसाद घेतलेला आहे, त्यांनी कृपया पुन्हा आरतीला उभं राहावं. प्रसाद नंतर परत मिळणार नाही.” भाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मामा, ईएक्सटी४…” त्याच्या तोंडात मी मोदक घातला.

पुसण्यावरून आठवलं. फॅटमध्ये पुसणं म्हणजे काय, हे मला अगदी अलीकडे कळलं. फाइल जागच्या जागीच असते. फक्त यादीत तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण ठेवतात आणि तक्त्यात तिची जागा मोकळी दाखवतात. भाच्याने गणपतीनंतर एक जुना ड्राइव्ह घेतला आणि गेलेल्या फाइली परत आणायचा कार्यक्रम सगळ्यांसमोर, चहा पिता पिता केला. यादी सरकू लागली. वीजबिलं. एक डाएट चार्ट, त्याच्या खाली लगेच मिसळीच्या दुकानांची यादी. मग एक फाइल आली, जिचं पहिलं अक्षर गेलेलं होतं आणि उरलेल्या रोमन अक्षरांचा उच्चार होत होता ‘आजीनामा’.

“आजींनी मृत्युपत्र केलं होतं?” मेव्हणे सरसावून बसले.

माझी आजी जाऊन बरीच वर्षं झाली आणि तिच्या नावावर एक पानाचा डबा होता. गेलेलं अक्षर ‘आर’ होतं. ‘आर’ लावून ती आठ अक्षरं पुन्हा वाचली तेव्हा खोलीतला आवाज एकदम बसला. पूर्वी एकदा, कुठल्याशा बढतीच्या वेळी, मी रात्री जागून तो लिहिला होता आणि सकाळी पुसला होता. सौ.ने तो आता अथपासून इतिपर्यंत वाचला.

“शुद्धलेखन बरं आहे,” ती म्हणाली. “द्यायला हवा होता.”

क्विक फॉरमॅटनेही फार वेगळं होत नाही, याद्या कोऱ्या होतात आणि माल बराचसा तिथेच असतो. खिडकीतली ‘क्विक फॉरमॅट’पुढची खूण काढून टाकली तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळीकडे शून्यं लिहितं, पण त्याला तास-तास लागतात. आणि फॉरमॅट मारणारा माणूस स्वभावानेच घाईत असतो. घाईत असलेली माणसं दोन टीबीचे पेन ड्राइव्हही हॉटेलातल्या थाळीच्या किमतीत विकत घेतात. मेव्हण्यांनी घेतला होता. तो सगळीकडे दोन टीबी दाखवायचा, फॉरमॅटही दोन टीबीचाच व्हायचा, जे द्याल ते मुकाट्याने घ्यायचा. आतली खरी जागा संपल्यावरही नावं व्यवस्थित लिहीत राहायचा. फक्त नावाखाली काही नसायचं. खुशाल घोड्यावर बसलेल्या मेव्हण्यांचे फोटो त्यात गेले. घोडा वाचला.

या सगळ्या ज्ञानाचा कस गेल्या महिन्यात लागला. पार्किंगमध्ये सेक्रेटरींच्या गाडीला कुणीतरी घासून गेलं. जिन्याखालच्या कपाटात सीसीटीव्हीचा डीव्हीआर आहे. त्यातलं चित्रण काढून घ्यायचं ठरलं. बातमी पसरली आणि अर्ध्या तासात जिन्याखाली अख्खी कार्यकारिणी पेन ड्राइव्ह घेऊन हजर. माझा एक्सफॅट लावला. डीव्हीआर म्हणाला, उपकरण आढळले नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या शिकवणीतला एनटीएफएस, आढळले नाही. मुलीचा एपीएफएस, भाच्याचा ईएक्सटी४. आढळले नाही, आढळले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी परदेशातून आणलेला धातूचा, बोटाच्या ठशाने उघडणारा; त्याला तर डीव्हीआरने साधं ओळखही दाखवली नाही.

मग खजिनदारांना मेनूत एक बटण सापडलं. डीव्हीआर स्वतःच ड्राइव्ह फॉरमॅट करून घ्यायला तयार होता.

“करा की मग,” सगळे एका सुरात म्हणाले.

“कुणाचा करू?”

इथे जिन्याखाली गर्दी एकदम पातळ झाली. माझ्यात लग्न होतं. मुलीच्या ड्राइव्हवर प्रोजेक्ट. साहेबांच्यात ‘कॉन्फिडेन्शियल’. खजिनदारांनी स्वतःचा खिशात ठेवून दिला. ज्यांची गाडी घासली त्या सेक्रेटरींनी सुद्धा आपल्या नातवाचं बारसं पुढे केलं. मात्र दुसऱ्याच्या ड्राइव्हला फॉरमॅट मारला तर काय बिघडणार आहे, हे प्रत्येक जण दुसऱ्याला फार कळकळीने पटवून देत होता.

“साहेब, हे चालतं का बघा.” वॉचमन मामांनी त्यांच्या बटणांच्या मोबाइलची पाठ नखाने उघडली, बॅटरी काढली आणि खालून ८ जीबीचं कार्ड काढून हातावर ठेवलं. कुणीतरी रीडर आणला. कार्ड लावताक्षणी डीव्हीआरने ते ओळखलं, नाव वाचलं, आकार सांगितला. भाच्याने मान फिरवली. अडचण एकच होती, कार्ड भरलेलं होतं. आत कीर्तनं होती.

“यातलं एखादं काढू या,” सेक्रेटरी म्हणाले.

“कीर्तन काढायचं नाही साहेब.”

“अहो, पण हे एकच दोनदा आहे.”

“एक जागताना ऐकायचं, एक झोपताना.”

“वॉचमनला झोपताना?” खजिनदारांनी नको तो मुद्दा काढला. तो तिथेच दाबला गेला, कारण कार्ड अजून मामांच्या मालकीचं होतं. मग कार्यकारिणीने डीव्हीआरच्या छोट्या पडद्यावर मान वाकडी करून यादी वाचायला घेतली. प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारायचं, आणि मामांनी मान हलवून नाही म्हणायचं. भारूड? नाही. गवळण? नाही. सेक्रेटरींचा आवाज चढू लागला. “एवढ्याशा चित्रणाला तीनशे एमबी पाहिजेत. काहीतरी एक सांगा ना मामा, जे गेलं तरी तुमचं काही अडणार नाही!”

मामांनी चष्मा पुसला, यादी पुन्हा वरपासून बघितली आणि शेवटच्या एका व्हिडिओवर बोट टेकवलं.

“हे पुसा. पंधरा ऑगस्टचं तुमचं भाषण आहे. तुम्हीच घ्यायला सांगितलं होतं. हे एक काढलं की बक्कळ जागा होतीय बघा.”